जोड लागेपर्यंत

म्हाताऱ्यानं बोट वर केलं तेव्हा कोरिननं आवाज सोडलेलाच नव्हता. तिचा अंगठा अजून बटणाच्या वर, हवेतच होता. काचेपलीकडच्या बंद खोलीत कानांवर जाड हेडफोन चढवून, डोळे मिटून तो बसला होता, आणि त्याचं बोट अगदी खात्रीनं वर आलं, क्षणभर थांबलं, खाली गेलं. थोड्या वेळानं पुन्हा वर. यात नवीन काही नव्हतं. शिकागोतल्या या सातव्या मजल्यावर ती कित्येक वर्षं लोकांचे कान तपासत होती, आणि ऐकू यावं ही इच्छा फार झाली की माणसाला ऐकू यायला लागतं, हे तिला पाठ होतं. अशा वेळी मायक्रोफोनमधून सांगायचं, आजोबा, खरंच आवाज आला तरच बोट वर करा. पण त्याच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की तिला ते सांगवेना. ती अंगठा तसाच धरून बसली आणि तो पूर्ण शांततेला उत्तरं देत राहिला. एकदा तर तो हसलासुद्धा, एखादा बारीक सूर आपण नेमका पकडला म्हणून. जिना उतरताना शेवटची पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं कोरिनच्या बरगड्यांखाली काहीतरी झालं. कारण त्याच सकाळी तिनं नोकरी सोडत असल्याचं वरिष्ठांना सांगितलं होतं. ऑगस्ट संपला की बस. पश्चिमेकडे राहायला जाते आहे, ती म्हणाली होती. तिकडं काम मिळालं वाटतं, त्यांनी विचारलं. तसंच काहीसं, ती म्हणाली होती. तसंच काही नव्हतं. जे होतं ते एक वाक्य होतं, गेल्या वर्षी निघताना बेव्ह टॉलिफसननं तिला मिठी मारून म्हटलेलं: "तू आता घरचीच आहेस गं. कधीही ये, वाटेल तितकं राहा."

ते वाक्य तिनं वर्षभर वापरलं होतं. हिवाळ्यात गाडीची काच खरवडताना, दुपारी एकटीनं सूप पिताना, फेब्रुवारीत आई गेल्यावर तिचा फ्लॅट रिकामा करताना. वायोमिंगमध्ये बिगहॉर्न डोंगरांच्या पायथ्याशी टॉलिफसन नवरा-बायकोची रँच होती. गायी-वासरांचं खरंखुरं काम, आणि उन्हाळ्यात त्या कामात आठवडाभर घोड्यावर बसून सामील व्हायला पैसे देऊन येणारे आठ-दहा पाहुणे. कोरिन पहिल्यांदा आली ती जोअ‍ॅन नावाच्या मैत्रिणीबरोबर. जोअ‍ॅनच्या मांड्या सोलवटल्या, तिसऱ्या दिवसापासून ती व्हरांड्यात बर्फाची पिशवी घेऊन बसली आणि पुन्हा कधी आली नाही. कोरिन मात्र दरवर्षी आली, ऑगस्टच्या त्याच शेवटच्या आठवड्यात, त्याच करड्या घोड्यावर. त्याचं नाव डीकन. खोगिराखाली त्याचा श्वास फुगताना दोन्ही गुडघ्यांना जाणवायचा, आणि त्या एका आठवड्यात तिला आपलं शरीर कुठून कुठपर्यंत आहे ते नीट कळायचं. शिकागोत ते कळत नसे. तिथं ती काचेच्या अलीकडे असे. यंदा शनिवारी निघायच्या आधी आर्लन टॉलिफसनला विचारायचं, असं तिनं ठरवलं होतं. मला ठेवून घ्या. हिवाळ्यात गवत टाकीन, स्वयंपाकाला हात लावीन, पगार नको. वाक्य तिनं मनातल्या मनात इतकं घासलं होतं की त्याला कोपरे उरले नव्हते. घराचा करार ती पुढे वाढवणार नव्हती. या दोन्ही गोष्टी तिनं कुणालाच सांगितल्या नव्हत्या, आणि खरं म्हणजे सांगावं असं कुणी नव्हतं.

विमानतळावर तिला घ्यायला डूली आला होता. टॉलिफसनांकडे तो फार वर्षं कामाला होता. चाळिशीचा, ओठात काडी, गुडघा एकदा मोडून वाकडा जुळलेला. "काय शिकागो," पिकअपचं दार आतून ढकलत तो म्हणाला, "अजून धडधाकट?" ती म्हणाली, "तुला अजून हाकललं नाही वाटतं." "मला हाकललं तर तुमच्या बुडाखाली खोगीर कोण घालणार?" ती हसली, आणि हसताना तिच्या लक्षात आलं की गेल्या कितीतरी दिवसांत आपल्या घशातून हा आवाज निघालेला नाही, तो किंचित गंजल्यासारखा आला. डूलीनं नेहमीप्रमाणे विचारलं नाही की वर्ष कसं गेलं. तो डिझेलच्या भावाबद्दल, कोरड्या पडलेल्या झऱ्याबद्दल बोलत राहिला, आणि कोरिनला हे आपलेपणाचं वाटलं. घरच्या माणसांना कुठं कुणी वर्ष कसं गेलं विचारतं?

गुरुवारी कळप वरच्या कुरणात न्यायचा होता. खालच्या ओढ्याकाठचं गवत संपत आलं होतं. पहाटे निघून गायी आणि त्यांची वासरं हळूहळू चढावर रेटत न्यायची. ओहायोचा निवृत्त दातांचा डॉक्टर गॉर्डन, अटलांटाचं एक जोडपं, कोरिन आणि बाकीचे सगळे बाजूंनी, आर्लन पुढे, डूली मागे. चढताना नेहमी होतं तेच झालं. गायी गवताच्या वासानं पुढे पुढे जात राहिल्या आणि वासरं दमून मागे मागे पडली, आणि वर पोचेपर्यंत कुणाची आई कुठं आणि कुणाचं वासरू कुठं याचा पत्ता राहिला नाही. मग खरं काम सुरू झालं, जे पाहुण्यांना काम वाटत नाही. सगळा कळप उघड्या पठारावर गोळा करून धरायचा आणि चहूबाजूंनी नुसतं उभं राहायचं, प्रत्येक गाईला तिचं वासरू सापडेपर्यंत, ते तिला लुचेपर्यंत. जोड लागेपर्यंत. कारण जोड लागली नाही तर वासरू परत फिरतं. जिथं ते शेवटचं आईला प्यायलं होतं त्या जागी ते जातं, कितीही मैल असोत. त्याच्या डोक्यात आईचा पत्ता तेवढाच असतो.

पठारावरून खाली जायला एकच वाट होती, दोन खडकांमधलं अरुंद तोंड. एरवी तिथं डूली उभा राहायचा. पण गॉर्डनच्या घोड्याचा तंग सैल होऊन खोगीर पोटाकडे सरकलं होतं आणि तो पलीकडच्या टोकाला एका पायावर उड्या मारत होता. डूलीनं त्याच्याकडे पाहिलं, मग कोरिनकडे. "शिकागो, जरा इथं उभी राहतेस? काही करायचं नाही. हेच काम. नुसतं उभं राहायचं. तुला जमेल, ऑफिसातली माणसं तुम्ही." "आणि एखादं वासरू सुटलं तर?" तिनं विचारलं, उत्तर माहीत असून, दरवर्षी पहिल्या रात्री आर्लन ते सगळ्या पाहुण्यांना सांगत असे. "सुटू दे. त्याची आई संध्याकाळी जाऊन घेऊन येईल. तू तोंड सोडू नको, बस." आणि तो गेला. तिला तोंडावर उभं केलं होतं. तिनं लगाम आखूड धरला. डीकनचे कान मागेपुढे झाले.

समोर गदारोळ चालला होता. गायी खालच्या सुरात हंबरत होत्या, वासरं वरच्या, आणि प्रत्येक गाय जवळ येईल त्या वासराला हुंगून बाजूला ढकलत होती. कोरिनचा कान सवयीनं ते आवाज वेगळे करू लागला. एवढ्या गलक्यात एक गाय एकाच आवाजाला मान वळवते, बाकीच्या आवाजांना वळवत नाही, याचं तिला दरवर्षी नवल वाटायचं. ऊन मानेवर बसलं होतं. घामाचा, शेणाचा, चुरडलेल्या सेजच्या झुडपांचा वास. एकेक जोड लागत गेली, एकेक आवाज बंद होत गेला, आणि त्या ओसरत्या गलक्यात तिला आईच्या इमारतीखालची ती गाडी लावायची जागा दिसली. मार्चमध्ये दोन-तीनदा असं झालं होतं. क्लिनिकमधून निघून ती घरी जायला म्हणून गाडी चालवत होती आणि गाडी थांबली तेव्हा ती आईच्या इमारतीखाली होती. फ्लॅट तोवर दुसऱ्यांचा झाला होता. वर स्वयंपाकघराच्या खिडकीत कुणी बाई भांडी विसळत होती. कोरिन इंजिन चालू ठेवून बसून राहिली होती. तिला रडू आलं नव्हतं, काही आठवलंही नव्हतं. फक्त हातांनी तिला तिथं नेऊन सोडलं होतं. ती शेवटची कधी तिथं जेवली होती? वाटाण्याचं सूप होतं. आईनं तिच्या ताटलीत ब्रेडचा कडेचा तुकडा ठेवला होता, तो तिला लहानपणी आवडायचा म्हणून. आता आवडत नव्हता. तिनं तो खाल्ला होता.

तेवढ्यात ते वासरू आलं. लाल, पांढऱ्या तोंडाचं, फार मोठं नाही. ते कळपाच्या कडेनं डोकं खाली घालून चालत होतं, हंबरतही नव्हतं, आणि मग एकाएकी शेपूट उभारून ते डीकनच्या छातीसमोरून निसटलं आणि तोंडातून खाली धावलं. कोरिननं वर पाहिलं. उतारावर आर्लन घोड्यावर होता आणि त्याचा चेहरा तिच्याच दिशेला होता. तोंड सोडायचं नाही, हे तिला माहीत होतं. पूर्ण माहीत होतं. पण तिला हेही दिसलं, की ती वासराला वळवून परत आणते आहे, डीकन फेसाळला आहे, आणि आर्लन टोपीची कड किंचित वर करतो आहे. हे चित्र इतकं स्पष्ट होतं की तिच्या टाचा विचाराच्याही आधी हलल्या. डीकन उसळला. खडकांमधून ती खाली गेली, दगड उडत होते, वारा कानात भरला होता, आणि थोडा वेळ, फार थोडा, ती नुसती सुखी होती. मग मागून आवाज आला. तो हंबरण्याचा नव्हता. जमीन वाजत होती. तिनं वळून पाहिलं तर मोकळ्या सोडलेल्या तोंडातून वासरं ओघळत होती, पळणाऱ्या घोड्यामागे पळणारी, जोड न लागलेली आणि लागलेलीसुद्धा, आणि त्यांच्या मागे त्यांच्या आया ओरडत, आणि त्यांच्या मागे बाकीचा कळप. तिला वाटेतून बाजूला व्हावं लागलं. सगळं तिच्या शेजारून खाली गेलं. धूळ बसली तेव्हा पठारावर मोजकी जनावरं होती, आणि सकाळपासूनचं काम ओढ्याकाठी, जिथून निघालं होतं तिथंच परत चाललं होतं.

आर्लन घोडा दौडवत आला. सत्तरीकडे झुकलेला, ताठ, कमी बोलणारा माणूस. कोरिननं खोगिराची मूठ धरली. त्यानं तिच्याजवळ येऊन टोपी काढली. "लागलं नाही ना कुठं, मिस कोरिन?" "नाही. माझ्यामुळे..." "छे छे. जनावरं आहेत, असं व्हायचंच. तुम्ही सुट्टीवर आहात, मनाला लावून घेऊ नका. डीकन मस्त पळाला, नाही?" आणि हसून त्यानं घोडा वळवला, डूलीकडे गेला, आणि तिथं त्याचा आवाज असा फुटला की खडकावरून परत आला. "तोंड कुणाच्या भरवशावर सोडलंस रे गाढवा? पाहुण्या बाईला तोंडावर उभं करतोस? डोकं काय घरी खुंटीला टांगून आलास?" डूली म्हणाला, "गॉर्डनचं खोगीर..." "खड्ड्यात गेलं खोगीर! पडला असता तर उचलला असता!" मग दोघंही एकाच वेळी थुंकले, आणि डूली म्हणाला, "चुकलं माझं," आणि आर्लन म्हणाला, "चल आता, खालचं फाटक तरी लावू." एवढंच. ते दोघं शेजारी शेजारी उतरत गेले. डूलीनं खिशातून काहीतरी काढून आर्लनपुढे धरलं, तंबाखू असेल, आणि आर्लननं न बघता घेतलं. कोरिन त्यांच्या पाठींकडे पाहत राहिली. तिचे कान तापले होते, पण लाजेनं नव्हे. तिला हेवा वाटत होता. त्या शिव्या तिच्या होत्या.

संध्याकाळी जेवणाच्या लांब टेबलावर सगळे खुशीत होते. बेव्हनं बटाटे आणि गाजरं घालून बीफ शिजवलं होतं, गोडाला पीचची पेस्ट्री होती. "उद्या पुन्हा तीच चढण," गॉर्डन म्हणाला, "एका आठवड्याच्या पैशात दोन आठवड्यांची गुरं! कोरिन, तुमचे आभार मानायला हवेत." टेबल हसलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. अटलांटाची बाई म्हणाली, तो क्षण फोनवर टिपता आला असता तर! डूली ताटातून मान वर न करता जेवत होता. आणि मग बेव्ह गॉर्डनच्या मागून कॉफी ओतायला आली, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "तुम्ही आता घरचेच आहात हं. कधीही या, वाटेल तितकं राहा." गॉर्डन पहिल्यांदाच आला होता. तिच्या आवाजात खोटं काहीच नव्हतं. कोरिनचा कान याबाबतीत फसण्यासारखा नव्हता. बेव्हला ते खरंच वाटत होतं. गॉर्डनबद्दल वाटत होतं, अटलांटाच्या जोडप्याबद्दल वाटत असणार, मागच्या आठवड्यातल्या माणसांबद्दल वाटलं असणार. कोरिननं काटा ताटलीच्या कडेला टेकवला. ताटलीवर निळी फुलं होती, त्यातलं एक अर्धं घासून गेलं होतं, आणि ती ते फूल पाहत बसली, कारण कुठंतरी पाहायला हवं होतं.

अजून उजेड होता. आर्लन जेवण आटोपून घोड्यांच्या कुंपणात गेला होता, ती त्याच्या मागे गेली. एका घोडीचा खूर मांडीवर घेऊन तो कानशीनं घासत होता. खुराचा चुरा खाली पडत होता. "मिस कोरिन," तो म्हणाला, "गोड संपलं का?"

"मी तुमच्याकडे कामाला असते," ती म्हणाली, "तर आज तुम्ही मला काय म्हणाला असता?"

"तुम्ही कामाला नाही आहात."

"असते तर."

"सोडा हो. झालं ते झालं."

"आर्लन, मला ऐकायचं आहे."

कानस थांबली. त्यानं घोडीचा पाय हलकेच खाली ठेवला, पाठ सरळ केली, आणि तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत बहुधा पहिल्यांदाच नीट पाहिलं. मग तो बोलायला लागला, आणि सुरुवात शांतपणे झाली. "डोळे कुठं होते तुझे? तोंड सोडायचं नाही हे इथं शेंबड्या पोराला कळतं. एक वासरू! एका वासरापायी अख्खा डोंगर खाली ओतलास. गायींच्या अंगावरचं मांस गेलं, घोडे दमले, त्या डूलीनं उगाच शिव्या खाल्ल्या. लहान वासरं पायाखाली आली असती म्हणजे? एखाद्याचा पाय मोडला असता तर गोळी मलाच घालायला लागली असती, तुला नाही, तू तोवर विमानात बसली असतीस!" त्याचा आवाज चढला, घोडी अंग चोरून बाजूला झाली. "आणि हे सगळं का? तुला माहीत नव्हतं म्हणून नाही. सगळ्या पाहुण्यांत तुला चांगलं माहीत होतं. मी बघावं म्हणून! बघितलं मी! माझ्याकडे असतीस तर तिथंच खोगीर उतरवून घेतलं असतं आणि पायी घरी पाठवली असती!"

तो थांबला. छाती वरखाली होत होती. त्याला स्वतःलाच ओशाळल्यासारखं झालं, त्यानं टोपी काढून पुन्हा घातली. कोरिन कुंपणाच्या आडव्या लाकडाला धरून उभी होती. प्रत्येक शब्द तिच्या अंगावर दगडासारखा येऊन बसला होता आणि प्रत्येकाला वजन होतं; तिला वाटलं, आता आपण वाऱ्यानं उडणार नाही. आता विचारलं नाही तर कधीच विचारता येणार नाही. म्हणून तिनं विचारलं. वाक्य घासून ठेवलेलं होतं तसं आलं नाही, मधूनच तुटलं. "हिवाळ्यात... मी राहिले तर. काहीही करीन. पगार नको."

घराच्या मागच्या दारातून बेव्ह कोंबड्यांना उष्टं टाकायला बाहेर आली होती, तिच्याकडे आर्लननं पाहिलं. "हिवाळ्यात इथं दोघांपुरतंच काम असतं," तो म्हणाला. "डूलीसुद्धा गावात बहिणीकडे जातो. आणि आम्ही दोघं आहोत."

त्यात राग नव्हता आणि समजूतही नव्हती. ओढ्याला पाणी किती आहे हे सांगावं तसं त्यानं सांगितलं. कोरिननं मान हलवली. बरं, ती म्हणाली. त्यानं घोडीचा पाय पुन्हा मांडीवर घेतला, आणि वर न पाहता म्हणाला, "उद्या मागे राहा. धुळीत. पुढे पाहुण्यांना राहू दे."

शुक्रवारी पहाटे ओढ्याकाठी गेले तर रात्रीतून सगळ्या जोड्या आपल्या आपण लागलेल्या होत्या. वासरं आयांना चिकटून होती, त्यांच्या ओठांना फेस होता. कळप चढाला लागला. मागची जागा कुणीच मागून घेत नाही. पुढच्या सगळ्या खुरांची धूळ तिथं येते, आणि दमून बसकण मारणाऱ्या वासरांना ओरडून, कधी घोड्याच्या छातीनं ढकलून चालतं ठेवावं लागतं. कोरिननं रुमाल नाकावर ओढला. थोड्याच वेळात दात कचकचू लागले, पापण्या जड झाल्या, आणि गॉर्डन, अटलांटाचं जोडपं, डूली, सगळे पिवळ्या धुळीत एकेक करून दिसेनासे झाले. फक्त आर्लन अधूनमधून दिसायचा, वळणावर, वरच्या अंगाला. इतक्या वर्षांत तो दर थोड्या वेळानं घोडा तिरका करून मागे पाहायचा. पाहुण्यांपैकी कुणी मागे राहिलं नाही ना, कुणाचं खोगीर सरकलं नाही ना. ती हात वर करायची, मी ठीक आहे म्हणून, आणि तो टोपीची कड खाली करायचा. मागे धुळीत असलेल्या डूलीसाठी तो कधी वळत नसे. उद्या विमान होतं. सोमवारी, तिला आठवलं, जायला काहीच नव्हतं. एक वासरू आडवं पडलं, ती घोड्यावरून उतरली, त्याला कुशीत गुडघा घालून उठवलं, पुन्हा चढली. पहिलं वळण आलं, आर्लन दिसला. मग दुसरं. चढ तीव्र झाला, धूळ दाटली. शेवटच्या वळणावर तो आभाळाला लागून उभा राहिल्यासारखा स्पष्ट दिसला, आणि तिचा हात सवयीनं अर्धा वर गेला.

त्यानं मागे वळून पाहिलं नाही. सकाळपासून त्यानं एकदाही मागे पाहिलं नव्हतं.